नानांना दवाखान्यात झोप लागत नाही, गोळी मागू का?

प्रश्न: माझे सासरे (वय ७४) निमोनिया आणि पायावर सूज म्हणून जळगावला खाजगी दवाखान्यात अ‍ॅडमिट आहेत. ताप उतरलाय पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा पेंगत बसतात. मध्यरात्री ‘माले घर लई चाला’ सुरू होतं, परवा तर सलाईन ओढायला लागले, बैलांना पाणी पाजलं का विचारत होते. बाजूच्या बेडवाले म्हणतात झोपेची गोळी मागून घ्या. मागू का?
— एक सूनबाई, चोपडा तालुका

उत्तर: ताई, स्वतःहून मागू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळीने या वयात गोंधळ उलट वाढतो, बाथरूमला उठताना पडायची भीती, आणि छातीचा आजार असताना तर डॉक्टरही दहादा विचार करतात. पण मला झोपेपेक्षा ते बैलांचं जास्त खटकलं. हा डेलिरियम असू शकतो, म्हणजे आजारपणात अचानक होणारा गोंधळ, दिवसा बरा आणि रात्री जोरात, आणि त्यामागे इन्फेक्शन, कमी पडलेला ऑक्सिजन, घसरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, पोट साफ नसणं असं काहीही असतं. आजच राउंडला डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणून सोडू नका. घरात झोपेची गोळी किंवा दारू रोजची असेल आणि इथे एकदम बंद झाली असेल तर तेही लाजू नका, सांगा.

आता झोप मोडतं काय ते बघा. पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल, तिचा जोर साधारण सहा तास राहतो, संध्याकाळी उशिरा दिली की माणूस रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या करणार, वेळ अलीकडे घेता येईल का विचारा. स्टेरॉईड असेल तर तेही झोप उडवतं, शक्यतो सकाळी देतात. बीपी-टेंपरेचर रात्री बघणं थोडं कमी करता येईल का हे तब्येत स्थिर असेल तर विचारायला हरकत नाही, फक्त अँटिबायोटिकची वेळ तुम्ही हलवू नका.

आवाजाचं म्हणाल तर दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, रात्रीची मर्यादा ४० डेसिबल, आणि वॉर्डात आपलीच माणसं मोबाईलवर रील लावून बसलेली! आपल्या खान्देशात पेशंटला बघायला गाडी भरून येतात, प्रेमच आहे ते, पण रात्री नऊनंतर सगळ्यांना वाटेला लावा, एकच ओळखीचं माणूस उशाशी ठेवा, नानांशी अहिराणीतच बोला, कुठे आहोत, दिवस कोणता ते शांतपणे सांगत राहा. दिवसा पडदा उघडा, डॉक्टरांनी परवानगी दिली तर खुर्चीत बसवा, चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर मागवून घ्या. दुपारनंतर चहा बंद. रात्री डोळ्यावरचा मोठा लाईट विझवायला सिस्टरना सांगा.

आणि तुम्हीही रात्र-रात्र बसताय असं दिसतंय, जाऊबाईंशी पाळी लावून घ्या.