नदीचे मुख वर की खाली?

निपाणीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : "नदी समुद्राला मिळते ती जागा म्हणजे नदीचे मुख, असं मी वर्गात शिकवते. पण महाबळेश्वर बघून आलेली पोरं म्हणतात, बाई, कृष्णा तर गोमुखातून निघते! मग मुख नेमकं कुठं?"

बाई, मुख खालीच. गोमुखातले मुख गाईचे, नदीचे नव्हे. त्याच मंदिरातल्या गोमुखात सावित्रीचेही पाणी मानतात, आणि ती तर कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीला जाते.

घोळ होतो तो 'मुखपृष्ठ', 'मुखडा' असल्या शब्दांमुळे. मुख म्हणजे सुरुवात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुख म्हणजे उघडी बाजू. बेळगावात 'गल्लीच्या तोंडाला थांब' म्हटले की गल्ली मोठ्या रस्त्याला लागते त्या टोकाला माणूस थांबतो. गल्ली तिथे सुरू होते की संपते, हे कोण बघतो? पाण्याचेही तसेच. हिडकलच्या कालव्याचे तोंड धरणाकडे, म्हणजे पाणी जिथून आत येते तिथे. नदीचे मुख मात्र पाणी बाहेर पडते तिथे. दोन्हीकडे तोंड मोठ्या पाण्याच्या बाजूला.

हा अर्थ इंग्रजीवरून उचलला, असेही कोणी ठासून सांगतात. मग कालिदासाचे काय करायचे? रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रघू मुळाक्षरे गिरवून वाङ्मयात शिरतो, तो 'नदीमुखेनेव समुद्रम्', नदीच्या मुखातून समुद्रात शिरावे तसा. आपल्याकडच्या कन्नड शाळांतली मुले तर याचा रोज पुरावा देतात. मराठीत ज्याला त्रिभुज प्रदेश म्हणतो, त्याला त्यांच्या पुस्तकात 'मुखजभूमी' म्हणतात : मुखापाशी जन्मलेली जमीन. मला तर हाच शब्द सरस वाटतो. कृष्णेची ही जमीन विजयवाड्याच्या खाली, सुमारे 1400 किलोमीटरच्या वाटेच्या शेवटी.

वरच्या टोकाला 'उगम' म्हणावे. तो संस्कृत 'उद्गम'चाच घासलेला अवतार, आणि कन्नडातही चालतो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम म्हटले की दोन्ही भाषकांना कळते.

उपनदीला मात्र मुख लावू नका. वेदगंगा भोजेजवळ दूधगंगेला 'मिळते', दूधगंगा यडूरच्या बाजूला कृष्णेला, आणि त्या जागेला संगमच म्हणतात.