कंडक्टरकाकांना विचारा : गाडी नसताना दापोली ते गणपतीपुळे

प्रश्न : काका, आई ७६ वर्षांची, मी ४९. दिवाळीच्या सुट्टीत दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत एसटीनेच जायचं म्हणतेय. जमेल का? ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल ताई, पण एका दिवसात नको. गुहागरला मुक्काम टाका.

पास काढू नका. ७५ पूर्ण झाल्यामुळे आईंना तिकीटच नाही आणि तुम्हाला, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं आहे म्हणून, अर्धं. एवढ्याशा टप्प्यांना पास कशाला? आईंचं आधारकार्ड मात्र पिशवीत वरच ठेवा. तळातून डबा, स्वेटर, गोळ्या काढत ते शोधायला लागलं की कंडक्टर घामाघूम होतो, हे ३१ वर्षं तिकिटं फाडलेला माणूस सांगतोय. जेटीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर, एसटीची सवलत चालत नाही, तिथे दोघींचे पैसे पडतील.

रस्ता असा. दापोली ते दाभोळ एसटी. दाभोळला वाशिष्ठीची खाडी, जेटीने पलीकडे धोपावे, तिथून गुहागर. जेटी टाळलीत तर खेड-चिपळूणचा भलामोठा वळसा. दुसऱ्या दिवशी गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ. तिथे शास्त्रीची खाडी, पुन्हा जेटी, समोर जयगड. मग मालगुंडवरून पुळे.

दिवाळीची सुट्टी म्हणता तिथेच मेख आहे. आमच्याकडच्या गावफेऱ्या पुष्कळशा शाळेच्या पोरांवर चालतात. शाळा बंद की फेरी बंद, फलकावर वेळ तशीच रंगवलेली. म्हणून आदल्या संध्याकाळी डेपोत कंट्रोलरला गाठा. ‘गाडी आहे का’ विचाराल तर तो ‘आहे’ म्हणेल. ‘उद्या सुटणार का’ असं विचारा.

त्यातल्या त्यात भरवशाची म्हणजे वस्तीची गाडी. रात्री गावात मुक्कामाला येते, पहाटे परत निघते. मी स्वतः देवळाच्या सभामंडपात तिकिटांची पेटी उशाला घेऊन कितीतरी रात्री काढल्यात. ती गाडी सहसा चुकत नाही, कारण सकाळी आम्हालाही घर गाठायचं असतं!

जेटी आणि एसटी यांचं वेळापत्रक मात्र एकमेकांना ओळखत नाही. एकदा धोपाव्याला माझी सुटायची वेळ झाली आणि जेटी अजून खाडीत, हाकेच्या अंतरावर. कठड्याशी एक आजी काळी छत्री हलवत होत्या. मी घड्याळ बघितलं आणि डबल बेल दिली. पुढच्या आठवड्यात त्याच आजी गाडीत चढल्या, सुट्टे मोजून दिले आणि म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी चालत गेले हो.’’ पुढे ती जेटी लागेपर्यंत मी बेल दिली नाही. लेट मार्क खाल्ले. पण सगळेच कंडक्टर थांबतील असं धरून चालू नका. दोन्ही जेट्यांवर तासभर हाताशी ठेवा, नाहीच गाडी मिळाली तर रिक्षा बघा. भाडं बसायच्या आधी ठरवा.

आईंना मागच्या चाकावरच्या सीटवर बसवू नका, घाटात कंबर धरेल. ड्रायव्हरच्या मागची बाजू घ्या. जयगडहून पुळ्याला जाताना समुद्रही त्याच हाताला आहे.