एडवर्डचे दात काढून बघ

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, कोल्हापूरचीच. ट्वायलाइट या कादंबऱ्यांचे चारी भाग मी तीनदा वाचलेत, त्यातला हिरो एडवर्ड, रक्त पिणारा व्हॅम्पायर, म्हणजे माझा जीव की प्राण. दीड वर्ष झालं एक मुलगा आहे, चांगला आहे, माझ्यावर लई जीव आहे त्याचा. पण मोबाईलचं लोकेशन कायम चालू पाहिजे, इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडं. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर भांडण झालं, मी वर्गातल्या एका मुलासंगं प्रॅक्टिकलचं बोलत होतो एवढंच, तर माझ्या ॲक्टिव्हाची चावीच काढून घेतली आणि दोन दिवस दिली नाही, म्हणाला रागात चालवशील आणि पडशील. मी चिडलो तर म्हणतो, एडवर्डनं केलं की रोमँटिक आणि मी केलं की त्रास होय? मला उत्तरच सुचलं नाही. थांबूया म्हटलं की जिवाचं बरंवाईट करीन म्हणतो. आणि एक, त्याला माझं 'मी येतो, मी जातो' आवडत नाही, मुलीसारखं बोल म्हणतो, आता त्याच्यासमोर तोंड उघडायच्या आधी मी शब्द तपासतो. मैत्रीण म्हणते असली पुस्तकं वाचूनच तुझं डोकं फिरलंय. खरंच पुस्तकाची चूक आहे का?
– नाव छापू नका

उत्तर : अगं, उदाहरण मात्र बरोबर शोधलंय हां त्यानं. तिसऱ्या भागात, म्हणजे २००७ च्या एक्लिप्समध्ये, हिरोईन बेला लांडग्याचं रूप घेणाऱ्या आपल्या मित्राला, जेकबला, भेटायला निघते तर एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो, आणि कारण हेच, तुझ्या जिवाला धोका आहे. म्हणजे तिचा ट्रक आणि तुझी ॲक्टिव्हा एकाच गॅरेजातल्या. फक्त पुढचं पान त्यानं सांगितलं नाही. पुढं एडवर्ड स्वतःच माघार घेतो आणि तिला जेकबकडं जायला आपल्या गाडीतनं सोडायला जातो. तुझी चावी दोन दिवसांनी परत आली ती कशी? त्याला चूक कळली म्हणून, का तू रडून सॉरी म्हणालीस म्हणून? तू लिहिलं नाहीस, पण मला दुसरंच वाटतंय.

मी पण वाचलंय ते, भाचीनं हातात कोंबलं म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, रात्री दोनपर्यंत जागलो. मजा येते कारण वाचताना आपल्याला आतनं माहीत असतं की हा हिच्या गळ्याला दात लावणार नाही, तेवढी गॅरंटी लेखिकेनं दिलेली असते. रंकाळ्यावर ती गॅरंटी कोण देणार? म्हणून असलं पुस्तक संपलं की मी एक करतो, हिरोचे दात काढतो, ते उन्हात चमकणारं अंग काढतो, पियानो काढतो, आणि मग उरलं काय ते बघतो. उरतो एक पोरगा जो मुलगी झोपलेली असताना तिला न विचारता खोलीत येऊन बसतो. आपल्या पेठेत असा कोण सापडला तर गल्ली गोळा होऊन काय करील ते तुला सांगायला नको.

फॅन लोक म्हणतात तो जुन्या काळातला, म्हणून तसा वागतो. तर हिशोब बघ, एडवर्डचा जन्म १९०१ चा, १९१८ च्या इन्फ्लुएंझात मरता मरता तो व्हॅम्पायर झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९१९ ला, आपल्या शाहू महाराजांनी संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. जुन्या काळाचं कारण कोल्हापुरात तरी चालायचं नाही.

आता तुझ्या येतो-जातोवर. मला चावीपेक्षा हे जास्त टोचलं. दुसऱ्या भागात एडवर्ड सोडून जातो तेव्हा ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी नुसती नावं छापलीत, बाकी पानं कोरी. सगळे म्हणतात काय प्रेम आहे! मला ती पानं बघून धस्स झालं, तो नाही तर हिच्याकडं सांगण्यासारखं काहीच नाही? आणि तुझी पानं तर तो समोर बसलेला असतानाच कोरी व्हायला लागलीत की. अगं इथं आज्या, आया, कॉलेजातल्या मॅडमसुद्धा 'मी आलो' म्हणतात, त्यांचं बाईपण कुठं गेलं नाही. बेला निदान आपल्या मर्जीनं व्हॅम्पायर व्हायला निघालेली, तू कुणाच्या मर्जीनं पुण्याची व्हायला निघालीस?

पुस्तकाची चूक म्हणशील तर पुस्तकानं चावी काढली नाही. पण एवढं आहे, असल्या वागण्याला प्रेम म्हणायची सवय त्यानं लावली, तुला पण आणि त्याला पण. एकदा उलटं करून बघ, तू त्याच्या बुलेटची चावी दोन दिवस ठेवून घेतलीस तर तो तुला काय म्हणेल?

ते जिवाचं बोलतो, ते हलक्यात घेऊ नको, पण एकटीनं अंगावरही घेऊ नको. त्याच्या घरात किंवा जवळच्या मित्राला सरळ सांग, की हा असं म्हणतोय, लक्ष ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तो पण करू शकतो आणि तू पण. त्याला जिवंत ठेवायला तू त्याच्याबरोबर राहिलंच पाहिजे, हे नातं नव्हे, ओलीस ठेवणं झालं.

पासवर्ड आज बदल, लोकेशन बंद कर, घरात एका माणसाला तरी सांग, आणि 'नको' हे सांगायला एकटी रंकाळ्यावर जाऊ नको. स्पष्ट नको म्हटल्यावर पण मागं लागला किंवा मोबाईलवर नजर ठेवली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा. लगेच चौकीत जा म्हणत नाही मी, पण त्याला माहीत असू दे. घाईची वेळ आली तर ११२, नुसतं बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे, हीच पुस्तकं वाचते. काढून घेऊ का?
– एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : नको हो, काढून घेतलीत तर पांघरुणात मोबाईलवर वाचेल. त्यापेक्षा तुम्ही पण वाचा. तिसऱ्या भागात जेकब बेलाचं जबरदस्तीनं चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते तर हात तिचाच मोडतो, आणि घरी आल्यावर तिचा बाप चार्ली चक्क जेकबलाच शाबासकी देतो. तेवढं पान उघडून तिला विचारा, तुझे पप्पा असते तर काय केलं असतं? आणि हो, पप्पांना पण त्याच टेबलाला बसवा.