घरातल्या वयस्कर माणसांना फ्लूची लस दरवर्षी द्यावी का? कोविडच्या आणि फ्लूच्या लसीचा तुमचा अनुभव काय?

वडील सत्तरीचे, मधुमेह आहे आणि "कोविडच्या तीन टोचून झाल्या, आता पुरे" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या अण्णांनीही हेच वाक्य म्हटलं होतं, फक्त त्यात एक शिवी जास्त होती. म्हणून उत्तर लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. नाशिकला पंचवटीत राहतो, दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र आहे, द्राक्षाची औषधं विकतो. त्यामुळे बोलण्यात डावनी-भुरी हे द्राक्षाचे रोग येणारच, सांभाळून घ्या.

कोविडचं आधी सांगतो. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. अण्णांना महापालिकेच्या केंद्रावर घेऊन गेलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि आमच्या पुढे साठेक माणसं. कुणी चप्पल ठेवून नंबर लावलेला, कुणी वीट. अण्णांनी आपली टोपी ठेवली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. टोचायला दहा सेकंद, थांबायला साडेचार तास. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवायचे, तेवढ्यात अण्णांनी शेजारच्या माणसाच्या बागेची छाटणी कधी झाली, माल कसा आहे, सगळं विचारून घेतलं. घरी आल्यावर ताप नाही, अंगदुखी नाही, संध्याकाळी भाकरी-पिठलं.

खरा ताप दुसऱ्या डोसच्या तारखेने आणला. आधी सांगितलं चार ते सहा आठवडे. मग मार्चमध्येच ते सहा ते आठ झाले. एप्रिलच्या शेवटी गेलो तर लसच शिल्लक नव्हती. 13 मे ला अंतर एकदम 12 ते 16 आठवडे झालं. अण्णा म्हणाले, "हे पाटाच्या पाण्यासारखं आहे, आवर्तन कागदावर आणि चारी कोरडी." अण्णांची लस कोविशील्ड, म्हणजे ऑक्सफर्डने तयार केलेली; तिच्या बाबतीत 12 आठवड्यांचं अंतर ठेवलं तर परिणाम जास्त चांगला होतो, हे ऑक्सफर्डच्या चाचण्यांत दिसलेलं होतं. पण ज्या दिवसांत लसच मिळत नव्हती त्या दिवसांत हे कारण ऐकून कोण विश्वास ठेवणार?

तो एप्रिल नाशिककर विसरणार नाहीत. 21 तारखेला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर आमच्या गल्लीत लस नको म्हणणारं कुणी उरलं नाही. पण जून उजाडला आणि सिडकोतल्या एका आजोबांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे आणि नाणी चिकटतात, असा व्हिडिओ गावभर फिरला. लसीत धातू नाही, असं सरकारला जाहीर सांगावं लागलं. माझ्या पोराने घामाने चिकचिकलेल्या दंडावर पाच रुपयांचं नाणं चिकटवून दाखवलं, मग पावडर लावली, नाणं पडलं. पोराला तोवर लस मिळालेलीच नव्हती. आमच्याकडे विषय तिथे संपला.

माझं वय तेव्हा 41, म्हणजे मी 18 ते 44 च्या गटात. 1 मे ला आमच्या गटाचं लसीकरण सुरू झालं खरं, पण नोंदणीच्या कोविन साइटवर आमचा पिनकोड टाकला की सगळे चौकोन लाल. चार मिनिटांत स्लॉट संपायचे. बारा-तेरा दिवसांत राज्याने आमच्या गटाचं लसीकरणच थांबवलं, कारण पंचेचाळिशीच्या पुढच्यांचे दुसरे डोस अडले होते. शेवटी जुलैत खाजगी ठिकाणी 780 रुपये देऊन घेतली. रात्री दोन वाजता अशी हुडहुडी भरली की बायकोने दोन गोधड्या टाकल्या. 101 ताप, दंड जड, दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम मोकळा. दुसऱ्या डोसला काहीच झालं नाही. या लसीचा त्रास म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना जास्त होतो, हे मला नंतर कळलं. अण्णांना मात्र अजून वाटतं की तो गावरान तुपाचा फरक आहे.

तिसऱ्या डोसची गंमत वेगळी. 15 जुलै 2022 पासून 75 दिवस तो फुकट होता. त्याच केंद्रावर गेलो तर चिटपाखरू नाही. सिस्टर म्हणाल्या, "दादा, एका बाटलीत दहा डोस असतात, फोडली की चार तासांत संपवायची. अजून माणसं आणता का?" मी समोरच्या चहावाल्याला, त्याच्या मेव्हण्याला आणि दोन रिक्षावाल्यांना घेऊन आलो. सव्वा वर्षापूर्वी जिथे टोपीने नंबर लावला होता तिथे मी गिऱ्हाइकं गोळा करत फिरत होतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, फ्लूचा. 2022 च्या त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात स्वाइन फ्लूने पुन्हा डोकं वर काढलं. आमच्या डॉक्टरांनी अण्णांना आणि मला फ्लूची लस घ्यायला सांगितली. ऑगस्टमध्ये घेतली आणि चौथ्या दिवशी मी 103 तापाने आडवा. चांगला आठवडाभर लसीच्या नावाने बोटं मोडली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "तू डावनीचं औषध डाग दिसल्यावर मारतोस का आधी?" मी गप्प. फ्लूच्या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. पण अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. दुकानात रोज खोकणारी वीस माणसं येत होती, कुणीतरी मला आधीच गाठलं असणार. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो, थोडा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून लस पाऊस सुरू होण्याआधी घ्यायची. ऑगस्टमध्ये घेणं म्हणजे घडावर पांढरं दिसल्यावर फवारणीला धावणं.

दुसरी चूक 2023 ची. मे महिन्यात, वेळेवर, एका दवाखान्यात गेलो. 1,700 च्या आसपास पैसे दिले, टोचून घेतलं, बिलासोबत डबा घरी आणला. संध्याकाळी बायकोने डबा वाचला तर त्यावर गेल्या हंगामाचं साल. मुदत संपायला थोडे दिवस बाकी होते, म्हणून नियमाने चूक काही नाही. पण मी गिऱ्हाइकाला असा गेल्या सालचा माल दिला असता तर त्याने दुकानात येऊन माझा सत्कार केला असता! फ्लूचे विषाणू बदलत राहतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचं सूत्र ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आता आम्ही टोचण्याआधी डबा हातात घेऊन साल वाचतो आणि फ्रीजमधून काढला ना, तेही बघतो. चार जातींची की तीन जातींची, यावर डोकं फोडू नका. त्यातली बी गटातली एक जात मार्च 2020 नंतर जगात कुठे सापडलेलीच नाही, म्हणून नव्या लशी तीनच्या आहेत.

अण्णांना दरवर्षी का, हे पटत नव्हतं. "कोविडची तीनदा, ही दर साल, मी काय बैल आहे का लाळ्या-खुरकताची घ्यायला?" मी म्हटलं, "अण्णा, एकच औषध सलग मारलं की डावनी जुमानत नाही, मग आपण काय करतो?" ते म्हणाले, "बदलतो." आणि थोडा वेळ चंचीतली सुपारी कातरत बसले. 2024 च्या मे मध्ये स्वतःच म्हणाले, वळवाचा पाऊस पडून गेला, कधी जायचं?

लसीनंतर सर्दी झालीच नाही असं समजू नका. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांना ही लागू नाही. अण्णांना दरवर्षी नाक गळतंच, फ्लू मात्र नंतर झालेला नाही. तो लसीमुळे झाला नाही की नशिबाने, हे एका माणसावरून ठरत नाही. कोविड त्यांना जानेवारी 2022 मध्ये झालाच, दोन डोस घेऊनही. पाच दिवस खोलीत काढले, दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही.

2024 मध्ये लंडनच्या कोर्टातून, कोविशील्डच्याच सूत्राच्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, अशी बातमी आली तेव्हा आई घाबरली होती. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो धोका फार क्वचित, आणि डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. तिला घेऊन तीन वर्षं झाली होती.

मधुमेह आहे म्हणता, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि पूर्वी कुठल्या लसीची जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही सांगा. जवळच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी करा. गरोदर बायका आणि मधुमेहाच्या रुग्णांना राज्याने फ्लूची लस मोफत दिलेली आहे. आणि वडील आयुष्यभर काय काम करायचे ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहा, त्यातलंच काहीतरी कामाला येईल.