सुपातला पास्ता रस्सा पितो

प्रश्न : इटालियन पद्धतीचं सॉसेज-पास्ता सूप तासाभरात आटून खिचडीसारखं होतं. शिवाय बडीशेपवालं सॉसेज इथे मिळत नाही. गोव्याचं चोरीस चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चोरीस नको, त्यातलं व्हिनेगर नि मिरची सगळ्यावर मात करतात. 250 ग्रॅम पोर्क खिम्यात चमचाभर भरड बडीशेप, 3 ठेचलेल्या लसूणपाकळ्या, पाऊण छोटा चमचा मीठ आणि थोडे चिली फ्लेक्स कालवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मोठ्या आचेवर खिमा पसरा आणि 4 मिनिटं उलथनं लावू नका. सारखं हलवलं की पाणी सुटतं, खिमा उकडल्यासारखा पांढुरका राहतो. बुडाला खरपूस थर धरला की खिमा काढून त्याच तेलात कांदा, गाजर, सेलरी परता. 400 ग्रॅम चिरलेले टोमॅटो घालून तो थर खरवडून घ्या, सगळी चव त्यातच आहे. खिमा आणि लिटरभर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घालून 20 मिनिटं मंद उकळा. मीठ शेवटी चाखून घाला. स्टॉक आणि वाढताना वरून किसायचं पार्मेझान चीज दोन्ही खारट असतात.

पास्ता सुपात शिजवूच नका, तो स्टार्च सोडत रस्सा शोषत राहतो. 100 ग्रॅम दितालिनी (आखूड नळ्यांचा पास्ता), नाहीतर छोटी मॅकरोनी, वेगळी उकडा. पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधी उतरवून निथळा, तेलाचं बोट लावा. वाढताना वाडग्यात पास्ता, वर उकळतं सूप. उरलेलं फ्रिजमध्येही वेगवेगळंच ठेवा.