जर्मनीत एमएस करायचंय, घरची परिस्थिती बेताची आहे. खर्च कसा भागवावा?

स्कॉलरशिपच्या मागे लागण्याआधी फी नसलेलं सरकारी विद्यापीठ निवडा, सगळ्यात मोठी बचत तिथेच होते. मी आखेनला शिकलो. तिथे, आणि जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत, ट्यूशन फी नाही. सेमिस्टरला साधारण 100 ते 400 युरो भरायचे, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहला मात्र आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या टीयूएमला (तिथलं तांत्रिक विद्यापीठ) पण आता फी आहे. अर्ज करण्याआधी हे नक्की बघा. राहण्या-जेवणाचा बराचसा भार कामातून निघतो:

- प्राध्यापकांकडे ‘हिवी’ म्हणून तासांवर काम. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करायची मुभा असते; हे त्यात धरत नाहीत, म्हणून आधी हेच शोधा.
- बाहेरचं काम, त्या 140 दिवसांच्या मर्यादेत. जर्मन बोलता आलं तर लवकर मिळतं.

अडचण एकच: व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. महिन्याला 992 याप्रमाणे ते तुम्हालाच परत मिळतात, पण सुरुवातीला उभे करावेच लागतात. कर्ज काढायचंच असेल तर तेवढ्यापुरतंच काढा.