कागोमे : जाळी की जालक, आणि त्यातला तिढा

अमळनेरच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. वर्गात मराठीतून व्याख्यान द्यायचंय, विषय कागोमे लॅटिसचे, म्हणजे टोपलीच्या विणीसारख्या अणुरचनेचे, चुंबकीय आणि इलेक्ट्रॉनी गुणधर्म. तीन शंका आहेत. 'लॅटिस'ला जालक म्हणावं की जाळी? भाषांतराच्या ॲपनं 'जिओमेट्रिकल फ्रस्ट्रेशन'चं 'भौमितिक निराशा' केलंय, ते चालेल का? आणि आपल्याकडे डालकीची वीण अशीच असते, तर सरळ 'डालकी जालक' का म्हणू नये?

आधी मूळ शब्द. जपानी भाषेत 'कागो' म्हणजे टोपली आणि 'मे' म्हणजे डोळा. टोपलीच्या विणीत जी भोकं राहतात ते तिचे डोळे. उसाच्या कांडीला, बटाट्याला, नारळाला डोळे असतात असं आपणही म्हणतो (खान्देशात 'डोया'), त्यामुळे ही उपमा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. भौतिकीत हा शब्द 1951 साली आला. जपानी भौतिकशास्त्रज्ञ इतिरो स्योझी यांनी या रचनेवरच्या आयझिंग प्रारूपाचं (प्रत्येक अणूचं चुंबक फक्त वर किंवा खाली, असं मानणाऱ्या प्रारूपाचं) गणित प्रसिद्ध केलं, त्याच्या शीर्षकात. रोमन लिपीत त्यांनी शेवटच्या अक्षरावर मुद्दाम चिन्ह दिलं होतं, म्हणजे कुणी 'कागोम' वाचू नये. देवनागरीत ती अडचणच नाही : का-गो-मे.

आता डालकी. कल्पना गोड आहे, पण शब्द म्हणून घेऊ नका. रोजच्या वापरातली डालकी किंवा सूप दाट विणीचं असतं, कामट्या दोनच दिशांनी जातात आणि भोक जवळजवळ राहतच नाही. कागोमे वीण विरळ असते. तीन दिशांच्या कामट्या एकमेकींशी 60 अंशांचा कोन करतात, प्रत्येक कामटी एकीवरून आणि पुढच्या कामटीखालून जाते, आणि मध्ये सहा कोनांची भोकं पडतात. वेताच्या खुर्चीची बैठक दाखवून 'हेच ते' असं सांगणारेही भेटतील. नीट मोजून बघा. त्या विणीत उभ्या, आडव्या आणि दोन तिरप्या अशा चार दिशा असतात आणि भोक आठ कोनांचं असतं. वर्गात दाखवायला कागदाच्या पट्ट्या सगळ्यात बऱ्या : प्रत्येक दिशेला चार, एकूण बारा.

जालक की जाळी, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. स्फटिकशास्त्राच्या मराठीत 'जालक' हा शब्द रुळलेला आहे आणि त्याला अट आहे : जालकाच्या कुठल्याही बिंदूवर उभं राहिलं तरी भोवतालचं दृश्य तंतोतंत तेच, त्याच दिशांना दिसलं पाहिजे. कागोमेत तसं होत नाही. तिच्या एका एकक कोष्ठिकेत (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्यात) तीन बिंदू असतात आणि तिघांचे शेजारी वेगवेगळ्या दिशांना असतात. म्हणजे काटेकोर अर्थानं हे जालक नव्हे, त्रिकोणी जालकावर तीन-तीन अणूंचा गट बसवून झालेली रचना आहे. इंग्रजीत 'लॅटिस' सैलपणे वापरतात, म्हणून तिथं खपून जातं. आपल्याकडे 'जाळी' हा साधा शब्द हाताशी आहे, आणि मला तोच बरोबर वाटतो : 'कागोमे जाळी'. 'षट्कोनी जालक' मात्र टाळाच, कारण त्याचा अर्थ कुणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना घेईल, कुणी त्रिकोणी जालक.

ही जाळी डोळ्यांपुढे आणायला केळीचं शेत घ्या. त्रिकोणी पद्धतीची लागवड, म्हणजे प्रत्येक ओळीतलं झाड शेजारच्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध, आणि सगळी अंतरं सारखी. प्रत्येक झाडाला सहा शेजारी. आता एक ओळ सोडून एका ओळीत, एकाआड एक झाड काढा. चौथा हिस्सा झाडं गेली, उरलेल्या प्रत्येकाला चार शेजारी राहिले. ही कागोमे. चूक होते ती इथं : काढायच्या दोन ओळींतल्या रिकाम्या जागा एकमेकींच्या समोरासमोर आल्या, तरी शेजारी चारच भरतात आणि सगळं बरोबर वाटतं. पण मग त्रिकोण टोकाला टोक लागून न राहता बाजूला बाजू लावून चिकटतात. दुसऱ्या ओळीतली जागा एका झाडानं सरकवली पाहिजे. टोकाला टोक जोडलेले त्रिकोण हाच या जाळीचा प्राण आहे.

आणि त्या त्रिकोणातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन, म्हणजे अणूंची इवली चुंबकं, ठेवा. प्रत्येकाला वर किंवा खाली एवढीच मुभा, आणि शेजाऱ्याच्या उलट राहायची ओढ. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्यानं काय करायचं? वर गेला तर पहिल्याशी बिनसतं, खाली गेला तर दुसऱ्याशी. तीन जोड्यांपैकी दोनच राजी होतात, तिसरी कधीच नाही. 1977 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जेरार तुलूझ यांनी अशा स्थितीला 'फ्रस्ट्रेशन' नाव दिलं. यात कुणी निराश झालेलं नाही. 'निराशा' आणि 'वैफल्य' हे माणसाच्या मनाचे शब्द आहेत, ते अणूंना लावले की ऐकणारा भलतीकडे जातो. इथं आहे तो तिढा. सुताला किंवा दोराला पडतो तो तिढा, आणि वर्तमानपत्रात तीन पक्षांच्या जागावाटपाचा असतो तोही तिढाच. एकाचं समाधान केलं की दुसरा अडतो, हा अर्थ त्या शब्दात आधीच आहे. म्हणून 'भौमितिक तिढा' म्हणा. विशेषण हवं तर 'तिढ्यातले चुंबक'.

तिढ्याचं मोजमापही करता येतं, आणि व्याख्यानात ते फळ्यावर करून दाखवण्यासारखं आहे. एका त्रिकोणात तीन स्पिनच्या 8 मांडण्या होतात. तिन्ही सारखे असलेल्या 2 वगळल्या तर 6 चालतात. बिंदू एन असतील तर त्रिकोण दोन-तृतीयांश एन, कारण प्रत्येक बिंदू दोन त्रिकोणांत वाटून घेतलेला आहे. म्हणून दर स्पिनमागे सरासरी पर्याय 2 गुणिले तीन-चतुर्थांशाचा दोन-तृतीयांश घात, म्हणजे सुमारे 1.65. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम 0.501. हा अंदाज झाला. बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात दर स्पिनमागे नेमकी एन्ट्रॉपी (किती मांडण्या शक्य आहेत याचं लॉगरिदमी माप) 0.5018 येते, तीही निरपेक्ष शून्य तापमानाला. त्रिकोणी जालकात हाच आकडा 0.323 आहे. शेजारी कमी, तरी तिढा जास्त.

खऱ्या पदार्थात हे पाहायचं तर हर्बर्टस्मिथाइट. जस्त, तांबं, क्लोरीन आणि हायड्रॉक्सिल यांचं हे खनिज, त्यात तांब्याचे आयन कागोमे जाळीवर बसतात. त्यांची आपसातली ओढ सुमारे 200 केल्विनच्या तोडीची, पण 0.05 केल्विनपर्यंत थंड केलं तरी स्पिनना क्रम लागत नाही. अडचण अशी की जाळ्यांच्या मधल्या जस्ताच्या जागांपैकी सुमारे 15 टक्के जागी तांबं शिरतं, आणि खालच्या तापमानाच्या मोजणीत ते भटके स्पिन खरा संकेत झाकून टाकतात.

इलेक्ट्रॉनांच्या बाजूला 'फ्लॅट बँड' येईल, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा संवेग कितीही असो, ऊर्जा तीच असलेला ऊर्जा पट्टा. 'सपाट पट्टा' म्हणा, ऊर्जा पट्ट्याच्या जोडीला ते बसतं. तो का सपाट, हेही चित्रातच आहे. एका षट्कोनाच्या सहा बिंदूंवर इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची चिन्हं धन, ऋण, धन, ऋण अशी मांडा. षट्कोनाला लागून असलेला बाहेरचा प्रत्येक बिंदू त्यातल्या लगतच्या दोन बिंदूंना टेकलेला असतो, एक धन, एक ऋण. दोन्ही वाटांनी येणारा तरंग तिथं शून्य होतो. इलेक्ट्रॉनाला बाहेर पडता येत नाही, म्हणून संवेग बदलला तरी ऊर्जा तीच राहते. फक्त लांबच्या शेजाऱ्यांकडे उड्या मारता येऊ लागल्या की पट्टा थोडा वाकतो. खऱ्या धातूत तो पूर्ण सपाट कधीच सापडत नाही.

हा व्यतिकरणाचा, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळण्याचा, परिणाम आहे, इथं 'तिढा' वापरू नका. सीझियम, व्हॅनेडियम आणि अँटिमनीच्या संयुगातही नको. तिथं जाळी कागोमेच आहे, 94 केल्विनखाली विद्युतभाराची घनता लाटेसारखी मांडली जाते, 2.5 केल्विनला पदार्थ अतिसंवाहक (विजेला अजिबात विरोध न करणारा) होतो, पण व्हॅनेडियमवर अडून बसणारे स्थानिक स्पिनच नाहीत. मँगनीज-कथिलाच्या संयुगात मात्र शब्द शोभतो : तिथले स्पिन एकमेकांशी 120 अंशांचा कोन करून तडजोड करतात.

राहिलं व्याकरण. 'कागोमे' हा शब्द विभक्तीत बदलू नका, प्रत्यय थेट लावा : कागोमेचा, कागोमेत, कागोमेवर. 'कागोम्याचा' नको. जाळी स्त्रीलिंगी असल्यामुळे 'ती कागोमे' हे आपोआप जमतं.